शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची पारख सहसा दोन आकड्यांवर होते. एक पट, म्हणजे हजेरीपटावरची नावे. दुसरा निकाल, म्हणजे त्यांतल्या किती मुलांना इयत्तेनुसार वाचता, लिहिता आणि गणित करता येते, किंवा किती मुले शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत झळकली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या दोन्ही आकड्यांची चर्चा गावच्या पारापासून जिल्हा परिषदेच्या सभागृहापर्यंत चालते. पट घसरला की शाळा बिघडली आणि यादीत नाव आले की शाळा सुधारली, असा हिशेब सर्रास मांडला जातो. तो अपुरा आहे आणि अनेकदा अन्यायाचाही आहे. पटावर कोणत्या घरांतली मुले आहेत आणि ती वर्षातले किती महिने वर्गात बसतात, हे समजल्याशिवाय निकालाचा आकडा वाचताच येत नाही. ही माहिती अपयशाची सबब म्हणून वापरली जाते, तेही चूक आहे. तिचा खरा उपयोग शिक्षक, वेळ आणि पैसा आधी कुठे पोचायला हवा हे ठरवण्यासाठी आहे.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. जमीन मात्र नकाशावरच्या रेषेने वाटली गेलेली नाही. कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठचा ऊस आणि साखर कारखान्यांचा पट्टा. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा हा डोंगर आणि धरणांचा भाग. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा पावसाची वाट पाहणारा मुलूख. म्हणून ‘जिल्ह्याची सरासरी’ हा आकडा इथे फारसे काही सांगत नाही. कृष्णाकाठच्या गावातली शाळा आणि जतच्या पूर्वेकडची शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या, दोन्हींचे पाठ्यपुस्तक सारखे. पण एकीत आई-वडील दोघेही शिकलेली मुले बरीच असतात, तर दुसरीत घरी कन्नड बोलणारी किंवा दिवाळीनंतर कोयत्याबरोबर गाव सोडणारी मुले असतात. जतमध्ये जिल्हा परिषद मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा चालवते. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असेल, तर पहिलीतल्या मुलाला वाचन आणि नवी भाषा अशी दोन्ही कामे एकदम करावी लागतात. तिसरीच्या चाचणीत असे मूल मागे दिसले, तर त्या आकड्यात गुरुजींच्या शिकवण्याइतकाच हा दुहेरी भारही असतो.

शाळेत कोण बसते हा प्रश्न या भागाला नवा नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासाचा मोठा भाग इथल्याच माणसांनी घडवला आहे. सावित्रीबाई फुले यांचे नायगाव सातारा जिल्ह्यातले आणि जोतीरावांच्या घराण्याचे कटगुणही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. कर भरतो कष्टकरी आणि त्याच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते, हा त्यांचा आक्षेप म्हणजे सार्वजनिक शाळेच्या लोकसंख्याशास्त्राचेच विश्लेषण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर ती नोंद आजही पाहायला मिळते आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण नाव पटावर आले म्हणून मूल वर्गात सामावले गेले असे नव्हते. वेगळे तरट घरून आणून त्यावर बसायचे, नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी प्यायचे, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. पटावर प्रवेश आणि वर्गात बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

ही दुसरी गोष्ट साधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवत. पुढे वाड्या-वस्त्यांवर, जिथे सरकारी शाळा पोचलीच नव्हती तिथे, संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालयही काढले. भाऊरावांच्या कामात शाळेचा सामाजिक चेहरा आपोआप घडत नव्हता. तो जाणीवपूर्वक घडवला जात होता. हा मुद्दा आज विसरला गेला आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि पुढच्या तीसेक वर्षांत गावातली जवळजवळ सर्व मुले, पाटलाची आणि शेतमजुराची, एकाच शाळेत बसली. आज सहकारात, प्रशासनात आणि शिक्षणात वरच्या जागी असलेली या भागातली पन्नाशी-साठीची पिढी बहुतांशी त्याच बाकांवरून आलेली आहे.

मग पट का घसरला? याचे पहिले कारण शाळेत नाही, घराघरांत आहे. मुलेच कमी जन्माला येत आहेत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. सांगलीची वाढ ९.२४ टक्के आणि साताऱ्याची अवघी ६.९३ टक्के होती. राज्याचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आला होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. ज्या गावात पूर्वी वर्षाला तीस मुले पहिलीत येत, तिथे पंधराच जन्मली, तर उत्तम शाळेचाही पट निम्मा होणार. त्यात स्थलांतराची भर पडते. पाटण-जावळीचा माणूस पिढ्यानपिढ्या मुंबईत माथाडी कामाला गेला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. विटा, खानापूर, आटपाडी भागातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली. पूर्वी एकटा पुरुष जाई आणि मुले आजी-आजोबांजवळ गावच्या शाळेत राहत. आता संसारच शहरात जातो. घटत्या पटाला शिक्षकांची निष्क्रियता म्हणणाऱ्यांनी गावच्या जन्मनोंदीचे रजिस्टर आधी उघडावे.

पटातली सगळीच घट मात्र जन्मदराची नाही. उरलेली घट निवडीची आहे, आणि तीच निकालाला वाकवते. कराड, विटा, फलटण किंवा इस्लामपूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस सकाळी गावात येते. तिच्यात ज्यांची फी भरण्याची ऐपत आहे त्यांची मुले चढतात आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त असतात. देशभर ग्रामीण भागात सरकारी शाळांतील मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आहे, हे ‘असर’ या ग्रामीण शिक्षण पाहणीचे अहवाल सातत्याने दाखवतात. बस निघून गेल्यावर जिल्हा परिषदेच्या वर्गात उरतात त्या भूमिहीनांच्या, अल्पभूधारकांच्या आणि मागासवर्गीय वस्तीवरच्या घरांतल्या मुली-मुलगे, आणि शिरवळ-लोणंद किंवा कुपवाडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय मजुरांची हिंदी बोलणारी मुले. गाव तेच, इमारत तीच, कधी कधी शिक्षकही तेच. पण वीस वर्षांपूर्वीचा वर्ग आणि आजचा वर्ग यांची तुलना होऊ शकत नाही. ज्यांच्या घरी गृहपाठ घेणारे कोणी आहे ती मुले निघून गेली की सरासरी खाली येते, आणि त्या सरासरीकडे बोट दाखवून पुढची दोन कुटुंबे बसचा रस्ता धरतात. सेमी इंग्रजीचे वर्ग सुरू करून अनेक शाळांनी ही गळती थोपवली. पण या फाटाफुटीचे मूळ माध्यमात जेवढे आहे, त्याहून अधिक आपल्या मुलाशेजारी कोणाचे मूल बसावे या पालकांच्या इच्छेत आहे, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखल्या आहेत. त्यामागे हीच फाटाफूट कमी करण्याचा विचार होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या तरतुदीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायालयाने योग्यच केले.

घराचा निकालावर किती परिणाम होतो, याचा अभ्यास जगभर झाला आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीने अधिक स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. तेव्हापासून ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा सोपा अर्थ काढणारे बरेच झाले. पण १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची माहिती तपासली तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा घराच्या वाट्याहून मोठा दिसला. घरी पुस्तक नसेल तर शाळेतले एक पुस्तक फार मोठे काम करते. आपल्याशी अधिक जवळचा पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तिथे सोडत काढून काही ग्रामीण मुलांना खासगी शाळेत फुकट शिकण्याची संधी दिली आणि चार वर्षांनी, सोडतीत नाव न आल्यामुळे सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती. खासगी शाळा दरडोई खर्चही बराच कमी करत होत्या आणि तेलुगू-गणिताला कमी वेळ देत होत्या, ही त्यांची जमेची बाजू नोंदवली पाहिजे. पण बसमध्ये बसणाऱ्या मुलाचे गुण जास्त दिसतात त्यातला बराच भाग ते मूल घरून घेऊन आलेले असते, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

आता निकालाच्या आकड्यांकडे. शिष्यवृत्ती परीक्षेत १५० गुणांचे दोन पेपर असतात. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. परीक्षा अवघड आहे, तिची तयारी करून घेणारे शिक्षक सकाळी लवकर आणि सुट्टीतही वर्ग घेतात, आणि वेगळी प्रवेश परीक्षा देऊन खवली किंवा पलूसच्या नवोदय विद्यालयात पोचलेल्या मुलाचे आयुष्य बदलते. या कष्टांचा मान ठेवूनही सांगावे लागते की ही परीक्षा निवडक मुलांची आहे. चाळीस मुलांच्या शाळेतली दोन मुले यादीत आली, तर त्यावरून उरलेल्या अडतीस मुलांबद्दल काहीच कळत नाही. उलट सगळे लक्ष त्या दोघांवर गेले असेल, तर बाकीच्यांचे नुकसानच झालेले असते. ‘असर’ची चाचणी याच्या नेमकी उलट आहे. जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडून, शाळा कोणतीही असो, मुलासमोर अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवली जाते. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या तिसरीतील १६.३ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांना. सुधारणा खरी आहे आणि आकडा तरीही लाजिरवाणा आहे. मात्र एवढ्या नमुन्यावरून एखाद्या गावच्या शाळेचा निवाडा करता येत नाही.

एका शाळेच्या टक्केवारीची अडचण निराळीच आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. अशा शाळेच्या तिसरीत पाच मुले धरली, तर त्यांतल्या चौघांना वाचता आले की निकाल ८० टक्के. पुढच्या वर्षी पाचांपैकी तिघांना आले की ६० टक्के. वर्तमानपत्राच्या भाषेत गुणवत्ता वीस टक्क्यांनी घसरली. प्रत्यक्षात एका मुलाचा फरक पडला. कदाचित ते मूल जानेवारीत एखाद्या ऊसतोड टोळीबरोबर आलेले असेल, कदाचित त्याचा चष्मा व्हायचा राहिला असेल. अशा शाळांचा निकाल टक्क्यांत छापणेच चुकीचे आहे. तिथे तीन-चार वर्षांची मुले एकत्र धरावीत, आणि त्याहून बरे म्हणजे प्रत्येक मूल जूनमध्ये कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले हे नावानिशी पाहावे. अक्षरापासून शब्दापर्यंत आलेले मूल आणि परिच्छेदावरच थांबलेले मूल, यांतल्या पहिल्याने शाळेचे अधिक श्रेय सिद्ध केलेले असते, जरी ‘गोष्ट वाचणाऱ्यां’च्या रकान्यात दोघांचीही नोंद नाही.

फिरत्या मुलांचा हिशेब तर तारखेनेच चुकतो. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्यासाठी, पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. ऊसतोड सुरू होते त्यानंतर, आणि गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालते. जत-आटपाडीचे मूल ३० सप्टेंबरला गावच्या पटावर असते आणि थंडीत कुठल्यातरी फडाजवळच्या खोपीत. बीड-धाराशिवकडून कराड-वाळव्याच्या कारखान्यांवर आलेल्या टोळीतले मूल जिथे प्रत्यक्ष राहते, तिथल्या शाळेच्या शिक्षकसंख्येत ते कधीच मोजले जात नाही. माण-फलटणच्या मेंढपाळांची मुले दसऱ्या-दिवाळीनंतर कळपामागे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष आणि त्यांचे वर्ष एकमेकांच्या उलट आहे. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले. कार्डाची कल्पना चांगली आहे: मूल गाव सोडताना कार्ड घेऊन निघते आणि पोचेल त्या गावच्या शाळेत दाखवून वर्गात बसते. पण कार्डाबरोबर त्या शाळेला चार महिन्यांपुरता जादा शिक्षक मिळत नाही. तो मिळेपर्यंत ते मूल वर्गाच्या कोपऱ्यात बसून राहते, आणि एप्रिलच्या चाचणीत दोन्ही शाळांच्या खात्यावर अपयश म्हणून चढते.

या सगळ्या अडचणींना धरून ‘मुलेच अशी आहेत, आम्ही काय करणार’ असे म्हणणे सोपे आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने ते खोटे ठरवले. २०१२ च्या सुमारास तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधल्या चाळीसेक शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. मुले निवडून घेतलेली नव्हती. जी पटावर होती तीच होती. फळे मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर आले, फरशीवर अक्षरे आणि आकृत्या रंगवल्या गेल्या, शिक्षक खुर्ची सोडून मुलांत जमिनीवर बसले. सत्तेचाळीस शिकायचे तर मूल काड्या मोजते, दहा-दहाचे चार गठ्ठे बांधते, सात सुट्या ठेवते आणि मग चार हा आकडा आधी का लिहायचा हे स्वतःच सांगते. त्यासाठी घरी शिकलेली आई असावी लागत नाही. राज्यभरातून हजारो शिक्षक कुमठ्याला येऊन गेले आणि २२ जून २०१५ रोजी जाहीर झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे या कामाची प्रेरणा होती. पुढे अनेक ठिकाणी फरशा रंगल्या, पण प्रत्येक मूल कुठे अडले आहे हे रोज पाहणारा शिक्षक आणि तपासणीऐवजी सोबत करणारा अधिकारी रंगाबरोबर पोचला नाही. जिथे तेही पोचले, तिथे पट परत वाढल्याची उदाहरणे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. सांगलीत जिल्हा परिषदेने हाती घेतलेल्या मॉडेल स्कूल उपक्रमानेही इमारत, शौचालय, ग्रंथालय यांच्या सुधारणेबरोबर लोकांचा विश्वास परत आणता येतो हे दाखवले.

धोरण मात्र उलट्या दिशेने चालले आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला; १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांच्या शिक्षकपदांवरच कात्री चालवली. सपाटीवर दोन शाळा हाकेच्या अंतरावर असतील तर त्या एकत्र करण्यात शहाणपण असू शकते. पाच इयत्तांना दोन शिक्षक असण्यापेक्षा प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक असणे केव्हाही बरे. पण डोंगरातली एक किलोमीटरची वाट आणि कृष्णाकाठचा एक किलोमीटर डांबरी रस्ता यांना एकच माप लावता येत नाही. कोयना जलाशयाकाठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे जातात आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठतात, ही बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. तिथे शाळा लांब नेणे म्हणजे मुलीचे शिक्षण थांबवणे. शिवाय छोट्या शाळेत कोण उरले आहे हे पाहिले तर ज्यांना दुसरा पर्यायच नाही तीच मुले दिसतात. पटावरून शिक्षक मोजण्याची पद्धत त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी शिक्षक देते, आणि शिक्षणाचे शास्त्र नेमके याच्या उलट करायला सांगते.

बदल करायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, आणि त्यात येत्या वर्षांचा इयत्तावार पट आणि लागणारे शिक्षक यांचा अंदाज द्यायचा असतो. सातारा आणि सांगलीच्या समित्यांनी या आराखड्यात आणखी चार रकाने घालावेत: घरची भाषा, आईचे शिक्षण, मूल गावात प्रत्यक्ष किती महिने असते, आणि जून ते एप्रिल त्याची वाचनातली वाटचाल. मुलांची नावे वगळून तो तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि जिल्हा परिषदेने जादा शिक्षक देताना तोच समोर ठेवावा. पालकांनीही शाळेचा निकाल विचारताना आधी पट विचारावा, आणि पट विचारताना त्यात आपल्या मुलाचे नाव का नाही याचेही उत्तर द्यावे.